साक्षीदार ‘मी’: स्वतःविषयी लिहिण्याची मराठवाड्यातली परंपरा



आजचा विषय वरवर साधा आहे. माणूस स्वतःविषयी लिहितो, ते दुसऱ्यानं का वाचावं? नांदेडला आणि लातूरला अलीकडे एक गोष्ट मी वारंवार पाहतो. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतले लोक, चळवळीतले कार्यकर्ते आपल्या आठवणी लिहून काढतात. पंच्याहत्तरीला मुलं त्याचं पुस्तक छापतात, समारंभात वाटतात. पुस्तक घरी येतं, लोक आपला फोटो कुठल्या पानावर आहे ते पाहतात आणि कपाटात ठेवून देतात. आता, लिहिणाऱ्याचं आयुष्य पोकळ होतं असं मुळीच नाही. भाषाही बरी असते. तरी वाचणारा दोन पानांत का थांबतो?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बोलेन ते तुम्हाला तपासता येईल. लिहिणारा ‘मी’ साक्षीदार म्हणून उभा राहिला की ते लेखन दुसऱ्याच्या कामाचं होतं. तोच ‘मी’ सत्कारमूर्ती होऊन बसला, की वाचणाऱ्याला टाळ्या वाजवण्यापलीकडे काम उरत नाही.

साक्षीदार हा शब्द मी वेदान्तातल्या अर्थानं वापरत नाही. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो. सांगणं हे त्याचं काम नव्हे. माझ्या मनात आहे तो कोर्टातला साक्षीदार. तो पिंजऱ्यात उभा राहतो, पाहिलेलं सांगतो आणि उलटतपासणीला तयार असतो.

थोडं तत्त्वज्ञान सांगितल्याशिवाय माझं काही पुढे सरकत नाही, तेवढं सहन करा. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आपण मराठीत आप्त म्हणतो नातेवाइकाला. न्यायदर्शनातला आप्त वेगळा. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं त्याची दोन लक्षणं दिली आहेत. ती गोष्ट त्यानं स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा असावी. एवढं झालं की तो आप्त. आणि वात्स्यायन पुढे म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे! सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं. साक्ष खरी की खोटी हे बोलणाऱ्याच्या जन्मावर ठरत नाही, इतकं स्पष्ट. व्यवहारात मात्र आपण कुणाची साक्ष धरायची ते जातीवर, घराण्यावर आणि हुद्द्यावर ठरवत आलो. आजच्या विषयातला अवघड प्रश्न हाच आहे. कोणाच्या ‘मी’वर विश्वास ठेवला गेला, आणि कोणाचा ‘मी’ ऐकूनच घेतला गेला नाही?

मराठी गद्याची सुरुवातच साक्षी गोळा करण्यातून झाली, हे आपण विसरतो. तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटानं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. चक्रधरस्वामी गेल्यानंतर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटानं आठवणी विचारल्या. स्वामींचा बराच वावर आपल्या गोदाकाठी होता, त्यामुळे त्यात आपली गावं येतात, आपल्याकडचं खाणंपिणं येतं, भांडणं येतात. एखादी गोष्ट कुठे घडली, कुणासमोर घडली, हे नोंदवायचं हा त्या ग्रंथाचा बाणा. सांगणाऱ्यांत बायका आहेत, साधे भक्त आहेत. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली, तेव्हा पाठ असलेल्या माणसांकडून ती पुन्हा उभी केली गेली. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, ज्यांनी ऐकलं त्यांनी जपलं. मराठी गद्य अशा पायावर उभं आहे.

नंतर सतराव्या शतकात बहिणाबाई. वेरूळजवळचं देवगाव हे तिचं जन्मगाव. आजही शिऊरला तिची समाधी आहे. तिचं आत्मनिवेदन अभंगांत आहे. अगदी लहानपणी लग्न, नवरा वयानं कितीतरी मोठा, पोटासाठी गावोगाव हिंडणं, कोल्हापूरला एका वासराचा लळा. मग तुकोबांना स्वप्नात पाहणं, ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याचा संताप आणि मार. हे सगळं ती सांगते. देवाचं वर्णन करणारे अभंग त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. पण घराच्या आत काय झालं हे सांगणारी साक्ष तिच्याशिवाय कोण देणार होतं? त्याच शतकात, १६४१ साली, आग्र्याच्या बनारसीदास नावाच्या जैन व्यापाऱ्यानं ब्रज भाषेत ‘अर्धकथानक’ लिहिलं. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचं धरून पंचावन्नाव्या वर्षी ‘अर्धी कथा’. त्यात तो आपले धंद्यातले तोटे आणि फसलेले बेत न लपवता सांगतो. युरोपात त्याच्या आधी साठ वर्षं, १५८० साली, मोन्तेञचे निबंध प्रसिद्ध झाले. मुतखड्याच्या दुखण्यापासून मरणाच्या भीतीपर्यंत सगळं त्यानं स्वतःवर तपासून लिहिलं. त्यानं आपल्या लेखनाला जे नाव दिलं त्याचा अर्थच मुळी ‘करून पाहणं’ असा होतो. या तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती, देव वेगळे, भाषा वेगळ्या. पण स्वतःला मोठं दाखवण्याची घाई तिघांनाही नाही, आणि तिघेही आज वाचले जातात.

आता आपल्या मुलखाकडे, आपल्या काळाकडे येऊ. इथे एक नाजूक गोष्ट बोलायची आहे.

निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. मराठी घरात आणि भजनात. त्यामुळे आपल्याकडे माणसाच्या आयुष्याची कागदावरची नोंद बहुतेक सरकारदरबारीच झाली. त्यानं स्वतः लिहिलेलं फार थोडं. मग १९४८ आलं. रझाकारांचे अत्याचार, स्टेट काँग्रेसचा लढा, १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा आपल्या लातूरचा वकील, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, १९६७ साली त्या पुस्तकरूपानं आल्या. गावोगावच्या स्वातंत्र्यसैनिकांनीही लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. ती साक्ष खरी आहे.

पण त्याच वर्षाची दुसरीही एक साक्ष आहे. पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं मंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरलं. कारवाईच्या काळात आणि नंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, असं त्यांच्या अहवालात आहे. मेलेल्यांचा अंदाज त्यांनी २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावं घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवल्याच्या गोष्टीही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

मी काय म्हणतोय ते नीट लक्षात घ्या. एका अत्याचारानं दुसरा फिटतो, असा हिशेब मी मांडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे घरोघरी अर्धी गोष्ट सांगितली गेली. एका वाड्यात रझाकारांची आठवण, दुसऱ्या गल्लीत त्यानंतरच्या आठवड्यांची. दोघांचंही खरं, पण दोघेही एकमेकांचं वाचत नाहीत. आमच्या पिढीनं हे ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांतले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांच्यापैकी एखाद्यानं जर लिहिलं असेल की ‘आमच्या घरावर हल्ला झाला, आणि नंतर आमच्याच लोकांनी शेजाऱ्याच्या घराचं काय केलं तेही मी पाहिलं’, तर ते एक पान दहा गौरवग्रंथांपेक्षा मोलाचं आहे. आपल्या घराला न आवडणारी गोष्ट सांगणारा ‘मी’ परक्या माणसालाही विश्वासाचा वाटतो. कायद्यातही हेच तत्त्व आहे: स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या कबुलीला वजन जास्त.

यानंतर तीस वर्षांनी मराठवाड्यातून अशी दोन पुस्तकं आली की मराठीला आपलं कान-डोळे पुन्हा लावून घ्यावे लागले.

पहिलं, प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९७९. लातूर-नांदेडच्या सीमेवरच्या मुलखातलं दलित घर. आईवडील लहानपणीच गेले, बहिणीच्या आश्रयानं वाढलेला मुलगा. पुढे ते शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले. पुस्तकात सलग चरित्र नाही. एकेक आठवण येऊन बसते, आपलं सांगते आणि उडून जाते. भूक आहे, शाळा आहे, दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आहे. लेखक कुठेही थांबून ‘बघा, मी केवढा सोसला’ असं म्हणत नाही. प्रसंग सांगतो आणि पुढे जातो.

आणि भाषा! आपण घरी ‘काय करलालाव?’ असं विचारतो आणि कागद पुढे आला की ‘आपण काय करीत आहात?’ असं लिहितो. यात लाज असते, दुसरं काही नसतं. सोनकांबळ्यांनी ही लाज सोडली. मराठवाड्याच्या खेड्यातलं बोलणं त्यांनी पुस्तकात आणलं. ज्या भाषेत भूक लागली होती, त्याच भाषेत ती सांगितली. आमच्या लातूर पॅटर्ननं हजारो मुलं डॉक्टर-इंजिनिअर केली, त्याचं कौतुकच आहे. पण त्या पॅटर्नमध्ये साच्यातल्या उत्तराला गुण मिळतात. आठवणी लिहिताना साच्याला शून्य गुण आहेत.

दुसरं पुस्तक लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, १९८७. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूर तालुक्यातलं धनेगाव हे लेखकाचं गाव. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. निजामाच्या राज्यातही अशा जमातींची नोंद आणि हजेरी चालत असे. गायकवाडांच्या आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. तो इंग्रजी कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. कागदावर ‘विमुक्त’ झालेल्या माणसांच्या मागचा संशय मात्र सुटला नाही.

म्हणजे बघा, एकाच घराविषयी दोन दस्तऐवज तयार झाले. एक पोलीस ठाण्यातलं हजेरीचं रजिस्टर. दुसरं त्या घरातल्या, शाळेत गेलेल्या पहिल्या मुलानं लिहिलेलं पुस्तक. पहिल्याची साक्ष पिढ्यान्‌पिढ्या धरली गेली. दुसरी साक्ष द्यायला अक्षर हातात यावं लागलं.

आता गायकवाडांनी काय केलं? त्यांना सोपं होतं, ‘आमच्यावर खोटा आळ आला’ एवढंच लिहिणं. त्यांनी तसं केलं नाही. चोरी कशी शिकवली जाते, पकडल्यावर पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून पोरांना आधीच मारून कसं तयार केलं जातं, वाटणी कशी होते, पोलीस आपला हिस्सा कसा घेतात, सगळं उघड लिहिलं. लेखकाला शाळेत घातलं त्याच सुमारास वस्तीतल्या पोरांना हगवण-उलट्या लागल्या, तर लोक म्हणाले की हा शाळेत गेला म्हणूनच हे झालं. हा प्रसंग वाचताना हसू येतं आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. ज्या समाजाला शाळेनं कधी दारात उभं केलं नाही, त्याला शाळेची भीती वाटणं किती साहजिक होतं, हे तो एक प्रसंग सांगून जातो. आणि पुस्तकाचं नावही पाहा. जगानं दिलेली शिवीच त्यांनी मुखपृष्ठावर छापली.

वाचणारा या ‘मी’वर विश्वास का ठेवतो? कारण वात्स्यायनाच्या दोन्ही कसोट्यांना तो उतरतो. त्यानं स्वतः जाणलेलं आहे, आणि जाणलं तसंच सांगायची त्याची तयारी आहे, आपल्या माणसांची अब्रू पणाला लावूनही. ज्याला कायदा साक्षीला उभा करायला तयार नव्हता, आरोपी म्हणूनच ओळखत होता, तो आप्त ठरला.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. दलित आणि विमुक्तांच्या आत्मकथनांवर त्यांच्याच समाजातूनही प्रश्न विचारले गेले: आमची लक्तरं वेशीवर का टांगता? आईची, बहिणीची गोष्ट सांगायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? मला वाटतं, याचं सरसकट उत्तर नाही. पण एक मर्यादा पाळता येते. सांगण्याची किंमत आधी स्वतः भरावी. दुसऱ्याची लाज उघडी करताना लिहिणारा स्वतः पांघरुणात असेल, तर ती चहाडी. स्वतः उघड्यावर उभा राहून बोलत असेल, तर ती साक्ष. जिवंत माणसाचं नाव घेण्याआधी त्याला विचारावं, आणि नाव न घेता भागत असेल तर घेऊ नये.

आता नांदेडचे नरहर कुरुंदकर. त्यांच्याशिवाय इथे विषय पूर्ण होत नाही. १९३२ साली कुरुंदा गावी जन्म. नांदेडला आधी शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक आणि प्राचार्य. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. तुम्ही म्हणाल, ते तर वैचारिक लिहीत होते, स्वतःविषयी कुठे? खरं आहे. पण त्यांच्या लेखनात ‘मी’ भरपूर आहे आणि तो कंटाळवाणा होत नाही, म्हणून त्यांच्याकडून शिकायचं. ‘श्रीमान योगी’ची त्यांची गाजलेली प्रस्तावना पत्राच्या रूपात आहे. समोर एक माणूस आहे, त्याला ते आपलं मत सांगताहेत, ते मत कसं बनलं ते सांगताहेत, आणि तो काय आक्षेप घेईल हे आधीच ओळखून त्याच्या बाजूनंही बोलताहेत. विरोधकाची बाजू विरोधकापेक्षा चांगली मांडायची आणि मगच आपली, ही त्यांची सवय ‘जागर’मध्ये दिसते, ‘शिवरात्र’मध्येही दिसते. त्यांचा वाचक श्रोता होऊन बसत नाही, भांडायला उठतो. ही उलटतपासणीची तयारी साक्षीदाराला पूर्ण करते. वाचणाऱ्याला ‘मला हे पटत नाही’ म्हणायला जिथे जागाच नसते, तिथे तो वाद घालत नाही. मुकाट्यानं पुस्तक मिटतो.

मग आपण काय लिहावं? उदाहरण आपल्या दाराशी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. भूकंपाच्या मानानं इतकी माणसं का दगावली, याचं कारण तज्ज्ञांनी सांगितलं: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. पण तशी घरं आपण का बांधत होतो, उन्हाळ्यात त्या भिंती कशा थंड राहायच्या, माळवदावर दरवर्षी माती कोण टाकायचं, आणि नव्या पत्र्याच्या नाहीतर सिमेंटच्या घरात पहिल्या पावसाळ्यात झोप का लागली नाही, हे कोणत्याही अहवालात सापडायचं नाही. ते त्या घरात राहिलेल्या माणसालाच ठाऊक. तेव्हा विशीत असलेला माणूस आज पन्नाशीच्या पुढे आहे. १९४८ ची साक्ष आपण बहुतांश गमावली. ही अजून हातात आहे.

म्हणून आठवणी लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. ऐकलेलं असेल तर कुणाकडून, ते लिहा. ‘फार हाल झाले’ असं लिहिण्यापेक्षा त्या दिवशी घरात किती भाकरी होत्या ते लिहा. आपल्याला न शोभणारी एक तरी गोष्ट सांगा. आणि तुमच्याशी सहमत नसलेला एखादा शेजारी हे वाचतोय, असं समजून लिहा.

वेळ संपत आली. एका विद्यार्थिनीची चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: ‘सर, माझं वय वीस. माझ्या आयुष्यात अजून काही घडलेलंच नाही. मी काय लिहू?’

मुली, तू लातूरची आहेस असं चिठ्ठीत लिहिलंयस. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा तू शाळेत होतीस. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, इतकी वेळ आली होती. गाडीचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. पण तुमच्या घरी पाणी कोण आणायचं? रात्री रांगेत कोण उभं राहायचं, आई की भाऊ? किती घागरी मिळायच्या? धुणं आधी बंद झालं की आंघोळ? पाण्यावरून कुणाशी भांडण झालं, आणि ते अजून मिटलंय का? हे तुझ्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकणार नाही. ते लिही. आणि लिहून झालं की तुमच्या गल्लीतल्या, ज्यांच्याशी भांडण झालं होतं, त्यांना आधी वाचायला दे.

इथे थांबतो.